ढकलायचं कुणाला आणि अडवायचं कुणाला

बारावीचा निकाल लागला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. हल्लीच्या पोरांना वळण राहिलेलं नाही, बारावी झाली की सगळ्यांना सक्तीनं दोन वर्षं मिलिटरीत पाठवा, सुतासारखी सरळ होतील. खाली अंगठ्यांची आणि तिरंग्यांची रांग लागते. अंगठे देणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरातून सैन्यात कुणी गेलेलं नाही. त्यांची स्वतःची मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला शिकत असतात, आणि ती तिथेच शिकत राहावीत अशी त्यांची इच्छा असते. मला या मेसेजचा राग येतो. ग्रुपवर दोन ओळीत भांडून तो जात नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

मी नाशिकरोडच्या एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. सतरा-अठरा वर्षांची मुलं रोज समोर असतात. त्यातली काही पहिल्या तासाला पेंगतात. सुरुवातीला वाटायचं, रात्रभर मोबाईल बघत असतील. विचारल्यावर कळलं की ही पोरं पहाटे साडेचारला उठून पळून आलेली असतात आणि क्लास सुटला की पुन्हा मैदानावर जाणार असतात.

नाशिकला राहणाऱ्याला सैन्य ही टीव्हीवर बघायची गोष्ट नाही. आता पाकिस्तानात असलेल्या काकूलहून हललेलं तोफखान्याचं स्कूल देवळालीत आहे. नाशिकरोडला तोफखाना केंद्र आहे, तिथे देशभरातून रंगरूट येतात. गांधीनगरला सैन्याचे हेलिकॉप्टर पायलट घडतात, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात सुखोई तयार झाली, त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी आहे. तोफांच्या सरावाच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या बाजूच्या घरांची तावदानं थरथरतात आणि स्वयंपाकघरातली बाई हातातलं काम न थांबवता म्हणते, "आज मोठी काढली वाटतं." रविवारी बिटको चौकात बारीक केस कापलेली, नव्या बुटांची पोरं घोळक्यानं फिरताना दिसतात. पाणीपुरी खातात, घरी व्हिडिओ कॉल लावतात. कुणी बिहारचा, कुणी पंजाबचा, कुणी तमिळनाडूचा. सगळी माझ्या वर्गातल्या मुलांच्या वयाची.

शहरात अनंत कान्हेरे मैदान आहे. नाशिककर त्याला अजून गोल्फ क्लबच म्हणतात. ज्याच्या नावाचं हे मैदान, त्यानं २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या तेव्हा तो जेमतेम अठराचा होता. आज त्याच वयाची मुलं-मुली पहाटे अंधारात तिथे पळत असतात. दिंडोरी, पेठ, सिन्नरकडची पोरं खोल्या करून राहतात, एकेका खोलीत पाच-सहा जण, डबा लावलेला. सैन्यभरती आणि पोलीस भरती दोन्हीची तयारी एकदमच चालते. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारलं की साठ मार्क, बीम, म्हणजे दांड्याला लटकून अंग वर उचलणं, दहा काढले की चाळीस, नऊ फुटांचा खड्डा एका उडीत पार. वर्षानुवर्षं हे आकडे पोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. ट्रॅकच्या कडेला एखादा माजी सैनिक हातात स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. शेवटच्या फेरीला पोरांचे चेहरे बघावेत. तोंड उघडं, मान एका बाजूला कललेली, आणि नजर कुठेच नाही. पाच एकतीस आले की पोरगं गवतावर पालथं पडतं आणि बराच वेळ उठत नाही. एका सेकंदानं त्याचे बारा मार्क गेलेले असतात.

माझ्या वर्गातल्या एकाला मी विचारलं होतं, सैन्यातच का जायचंय? देशप्रेम वगैरे सांगेल असं वाटलं. तो म्हणाला, "मॅडम, मला आवडतं. आणि चार वर्षं तरी पगार पक्का." मग थोडं थांबून म्हणाला, "आवडतं हे आधी." दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. गरिबाच्या पोरानं पगाराचं नाव काढलं की त्याचं देशप्रेम खोटं ठरवायचं, आणि त्यानं देशाचं नाव काढलं की पोटाचा प्रश्न विसरायचा, हे दोन्ही आपण सोयीनं करत असतो.

आता घरातली गोष्ट. माझी ताई निफाड तालुक्यात असते, पिंपळगाव बसवंतच्या पुढे त्यांची द्राक्षबाग आहे. तिला दोन मुलं. भाच्याची बारावी मागच्या वर्षी झाली, भाचीची यंदा. भाचा शांत आहे, कुणात मिसळत नाही, बागेत रमतो. कोणत्या काडीला किती घड ठेवायचे हे तो दाजींपेक्षा नीट सांगतो. पण मार्क कमी पडले, कॉलेजला जायला टाळाटाळ करतो, मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. दाजींनी ठरवून टाकलं की याला सैन्यात घालायचं. "चार वर्षं रगडून निघाला की माणसात येईल." भाची मात्र नववीपासून एनसीसीत आहे, 'अ' सर्टिफिकेट झालंय, गावच्या रस्त्यावर पहाटे एकटी पळते, आणि तिला एनडीएची, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीची परीक्षा द्यायची आहे. तिला दाजी म्हणतात, "तू आपली बी.एस्सी. कर."

ज्याला जायचं नाही त्याला मागून धक्का, आणि जिला जायचंय तिच्या दारात आडवा हात. आमच्या घरात हे घडतंय म्हणून ते ठळक दिसलं, पण ग्रुपवरच्या त्या मेसेजच्या मुळाशी नेमकं हेच आहे. सैन्याचं शिक्षण ही ज्याला हवी आहे त्याला मिळण्याची गोष्ट आहे, हे आपल्या डोक्यातच येत नाही. बिघडलेलं पोरगं दुरुस्त करून आणायचं गॅरेज म्हणून आपण त्याच्याकडे बघतो.

माझे धाकटे चुलते तोफखान्यात होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १९९९ ला ते द्रासला होते. कारगिलच्या लढाईत आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांच्या वर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली, त्यातल्या काहींना काकांचा हात लागला होता. एरवी ते बोलत नाहीत. दिवाळीत ताईकडे सगळे जमलो होतो तेव्हा दाजींनी भाच्याचा विषय त्यांच्यासमोर काढला. तुम्हीच जरा समजवा त्याला, म्हणाले. काकांनी भाच्याकडे बघितलंच नाही. दाजींना म्हणाले, "बोफोर्सचा एक गोळा ४३ किलोच्या आसपास असतो. तोफेवर प्रत्येकाला नंबर असतो. एक जण गोळा आणतो, एक चार्ज देतो, एक साइटला डोळा लावून बसतो, नंबर वन हुकूम देतो. रात्री, थंडीत, वरून समोरच्याचं फायर येत असताना. त्यात एकाचं मन तिथं नसलं ना, तर तो एकटा मरत नाही. तोफेवरचे सगळे घेऊन जातो." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुमच्या पोराला वळण लागावं म्हणून माझ्या पोरांच्या जिवाशी खेळू नका." त्यांच्या तोंडी 'माझी पोरं' म्हणजे त्यांच्या युनिटमधली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी.

दाजी गप्प बसले. मला मात्र काकांचं ते बोलणं अजून पुरतंय. सक्तीच्या सैनिकी शिक्षणावर आपण चर्चा करतो ती सगळी त्या मुलाच्या भल्याची असते: त्याला शिस्त लागेल, त्याचं शरीर कमावलं जाईल, त्याला पैशाची किंमत कळेल. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा त्यात विचारच नसतो.

आणि शिस्तीचं म्हणाल तर काकांच्या सांगण्यात रगड्याला फारशी जागा नव्हती. शिकवणाऱ्या उस्तादांनी पाठीवर पिठ्ठू, म्हणजे सामानाचं ओझं घालून पळवलं, चूक एकाची आणि बेडूकउड्या सगळ्यांना, हे ते हसत सांगतात. पण त्यांना आठवतं ते निराळंच. लंगरमध्ये पहिल्यांदा सगळ्या जातींची पोरं एका ताटावरून दुसऱ्या ताटात भाजी वाढत होती ते. रात्री बूट पॉलिश करताना शेजारच्या खाटेवरच्या मल्याळी पोराला घरची आठवण येऊन तो रडला, आणि एकमेकांची भाषा येत नसताना काकांनी त्याचेही बूट घासून ठेवले ते. ही शिकवण जबरदस्तीनं आणलेल्या पोराला मिळत नाही असं मी म्हणणार नाही. मिळतही असेल. पण त्यासाठी बंदूक लागत नाही.

सक्तीचा प्रयोग आपल्या देशानं करून पाहिला आहे, याची फार थोड्यांना आठवण आहे. एनसीसी १९४८ च्या कायद्यानं सुरू झाली, पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग आला. १९६२ च्या चीन युद्धानं सगळा देश हादरला आणि १९६३ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. माझे बाबा त्या काळात कॉलेजात होते. ते सांगायचे की गणवेश पुरायचे नाहीत, शिकवणारे पुरायचे नाहीत, एका मैदानावर इतकी पोरं की मागच्या रांगेला हुकूम ऐकू यायचा नाही. हजेरी लावून मागच्या मागे निघून जाणारे खूप, आणि ज्यांना मनापासून शिकायचं होतं त्यांच्या वाट्याला रायफल महिनोन्‌महिने यायची नाही. १९६८ मध्ये सक्ती उठली. त्यानंतर एनसीसी रोडावली नाही. उलट आज आमच्या कॉलेजात जागा कमी आणि अर्ज जास्त अशी गत आहे. धावण्याच्या चाचणीत नापास झालेल्या मुली स्टाफरूमच्या दाराशी येऊन रडतात, मॅडम, सरांना सांगा ना, आणखी एक चान्स द्या. सक्तीच्या काळात बाबांच्या कॉलेजात असं कुणी रडलं असेल असं मला वाटत नाही.

घटनेनं सरकारला अधिकारच दिलेला नाही असंही नाही. कलम २३ मध्ये वेठबिगारीला बंदी आहे, पण त्याच कलमात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावता येईल आणि ती लावताना धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेद करता येणार नाही अशी सोय करून ठेवली आहे. ५१-क मध्ये देशाच्या रक्षणासाठी हाक आली तर सेवा करणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. म्हणजे उद्या खरीच वेळ आली तर दार उघडं आहे. पण स्वतंत्र भारतानं आजवर एकाही सैनिकाला सक्तीनं भरती केलेलं नाही. १९७१ ला केलं नाही, १९९९ ला केलं नाही. आपल्याकडचा प्रत्येक शिपाई स्वतः रांगेत उभा राहून आलेला आहे, या गोष्टीचा मला फार अभिमान वाटतो.

शिवाय साधा हिशोब करून बघा. आपल्याकडे दर वर्षी अठरा वर्षांची होणारी मुलं-मुली दोन कोटींहून जास्त आहेत. आपलं अख्खं भूदल बारा-तेरा लाखांच्या घरातलं. दोन कोटींना शिकवायला उस्ताद कुठून आणणार? त्यांना झोपायला बराकी कुठे? सीमेवरचे अनुभवी लोक मागे बोलावून त्यांना अनिच्छेनं आलेल्या पोरांकडून डावं-उजवं करून घेत बसायला लावणार का?

सक्ती असणाऱ्या देशांची उदाहरणं मेसेजमध्ये देतात, इस्रायल आणि दक्षिण कोरिया. त्यांची लोकसंख्या लहान, सीमा उंबऱ्याला लागलेली, त्यांचा नाइलाज आहे. मला स्वीडनचं उदाहरण जास्त विचार करण्यासारखं वाटतं. त्यांनी २०१० मध्ये सक्तीची भरती बंद केली आणि रशियाची धास्ती वाढल्यावर २०१७ मध्ये पुन्हा आणायचं ठरवलं, मुलगे आणि मुली दोघांसाठी. पण कायद्यात सक्ती असूनही त्या वयाच्या सगळ्यांना ते घेत नाहीत. चाचण्या घेतात, विचारतात, आणि थोड्यांना निवडतात. निवडताना मुलाची इच्छा आणि तयारी बघतात. सक्तीचा कायदा असलेल्या देशालाही शेवटी मनापासून येणारेच हवे असतात.

सैन्यात जाऊ पाहणाऱ्यांना अडवण्याचा आपला इतिहासही लांबलचक आहे आणि तो या मेसेजमध्ये कधी येत नाही. इंग्रजांनी 'लढाऊ जमाती' ठरवून टाकल्या आणि बाकीच्यांना दार लावलं. महारांची भरती १८९० च्या दशकात बंद केली, ज्यांनी कोरेगावला आणि इतर कित्येक ठिकाणी लढून दाखवलं होतं त्यांची. सुभेदार रामजी सकपाळ सैन्याच्या शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांच्या घरात अक्षर आलं ते त्या नोकरीतून. ते दार बंद झालं म्हणजे फक्त पगार बंद झाला असं नव्हे. अर्ज, विनंत्या, आंदोलनं करत शेवटी १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्याच नाशकात डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं, त्यामागेही हिंदू पोरांना सैनिकी शिक्षण मिळत नाही ही सल होती.

मुंज्यांचं नाव काढलं की आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती टाळणं बरं नव्हे. शाळा काढण्यापूर्वी १९३१ मध्ये ते इटलीला गेले होते, मुसोलिनीला भेटले होते, आणि तिथल्या गणवेशातल्या मुलांच्या संघटना बघून प्रभावित झाले होते. त्या इटलीचं पुढे काय झालं ते जगानं पाहिलं. नाशिकच्या त्या शाळेतून पुढे सैन्यात अनेक चांगले अधिकारी गेले, हेही खरं. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की सगळ्या देशाची तरुण पोरं एका गणवेशात, एका हुकमावर चालवण्याचं स्वप्न पडायला लागलं की त्या स्वप्नाची नीट चौकशी करावी. हुकूम कोण देणार आहे आणि त्याला नाही म्हणायची सोय कुणाला आहे, हे विचारावं. लोकशाहीतलं सैन्य संविधानाची शपथ घेतं. नाशिकरोडला कसम परेडला मी गेले आहे. तोफखान्यात तोफ हाच ध्वज, तिच्या साक्षीनं पोरं शपथ घेतात. त्या दिवशी आईवडिलांनाही गौरव पदक लावतात. माझ्या शेजारी एक बाई होत्या, नऊवारीतल्या, पायात स्लीपर. पदक पदरावर नीट बसेना म्हणून त्यांनी ते हातात घट्ट धरून ठेवलं होतं आणि परेड संपेपर्यंत मूठ उघडली नाही. तो मुलगा स्वतःहून गेला होता. कुणी सक्तीनं नेला असता तर त्या बाईंची मूठ अशीच मिटली असती का, मला शंका आहे.

मुलींसाठी एनडीएचं दार २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उघडायला लावलं. २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली खडकवासल्याहून पास होऊन बाहेर पडल्या. भाचीनं त्या परेडचा व्हिडिओ इतक्या वेळा बघितलाय की तिला त्यातली प्रत्येक ओळ ओळखू येते. ताईला भीती वाटते, आणि ती भीती मला समजते. पण ताईची भीती दोन मुलांना दोन न्याय लावते. मुलाला गोळी लागेल अशी तिला भीती वाटत नाही, मुलीचं लग्न जमणार नाही अशी वाटते.

जी मुलं जातात त्यांचं पुढे काय, हा प्रश्न मात्र मला झोपू देत नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. घोषणेत वय साडेसतरा ते एकवीस, चार वर्षं सेवा, त्यानंतर चारातला एक कायम. पहिल्या वर्षी तीस हजार पगार, त्यातले नऊ हजार सेवानिधीला कापून हातात एकवीस. चार वर्षांनी व्याजासह पावणेबारा लाखांच्या आसपास रक्कम, पेन्शन नाही. ज्यांना ही योजना आवडते ते म्हणतात सैन्य तरुण राहील, आणि मुलं शिस्त घेऊन समाजात परत येतील. येतील, पण कुठे? आमच्या भागात स्थळं बघताना आताच विचारतात, "मुलगा अग्निवीर आहे ठीक, पण पर्मनंट आहे का?" बावीस-तेवीस वर्षांचा, तोफ चालवता येणारा, ग्रॅज्युएशन राहून गेलेला मुलगा. पोलिसांत, निमलष्करी दलांत राखीव जागांची आश्वासनं आहेत. ती किती पाळली जातात ते पहिली तुकडी बाहेर पडेल तेव्हा दिसेल. मला वाटतं, आपण अठराव्या वर्षी एखाद्याकडून त्याची सर्वांत जोमाची चार वर्षं घेतो तेव्हा त्याचं पुढचं शिक्षण ही आपली जबाबदारी होते. कॉलेजांनी त्यांच्यासाठी सरळ प्रवेश ठेवावा, फी माफ करावी, वर्गात त्यांच्या वयाचा संकोच वाटणार नाही अशी व्यवस्था करावी. माझ्या वर्गात असा एखादा आला तर त्याला मी पहिल्या बाकावर बसवीन.

ऑक्टोबर २०२४ मध्ये इथल्याच तोफखान्याच्या रेंजवर सरावाच्या वेळी गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. विशीतली पोरं, परराज्यांतली. प्रशिक्षण म्हणजे पहाटे पळणं आणि बूट चमकवणं एवढंच ज्यांना वाटतं त्यांनी ही बातमी आठवावी. त्या आठवड्यात आमच्या कॉलेजातल्या पळणाऱ्या पोरांना मी विचारलं, भीती वाटली का? वाटली, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पळायला गेलात? गेलो. त्यांच्या या 'गेलो'ची बरोबरी कोणतीही सक्ती करू शकणार नाही.

मग बाकीच्यांनी काय करायचं? भाच्यासारख्यांनी, माझ्या वर्गात वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणाऱ्या मुलींनी, बारावीनंतर काय करायचं हे ज्यांना अजून उमगलेलं नाही त्यांनी? त्यांना काहीच शिकवू नये असं माझं म्हणणं नाही. उलट फार शिकवायला हवं, पण दुसरं. ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झालं, त्या यादीत नाशिक, सिन्नर, मनमाड होतं. भोंग्याचे वेगवेगळे सूर कशासाठी वाजतात, ते वाजले की काय करायचं, हे आमच्या सोसायटीत एकालाही सांगता येईना. लोक गॅलरीत येऊन मोबाईलवर शूटिंग करायला लागले. त्याच रात्री खरं युद्ध अंगावर आलं असतं तर वळण नसलेली पोरं आणि वळण असलेले आम्ही, सगळे सारखेच उघडे होतो.

युद्ध दूर राहू दे. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. उताराचा अरुंद रस्ता, पुढे अडवलेली गर्दी, मागून रेटा. श्वास कोंडून माणसं उभ्या उभ्या गेली. पडलेल्याला कसं उचलावं, छाती दाबून श्वास कसा परत आणावा, गर्दी कोणत्या क्षणी थांबवावी, हे तिथल्या चार-दोनशे तरुणांना येत असतं तर? गंगापूर धरणातून पाणी सुटलं की आपण दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला पुलावर जातो. ऑगस्ट २०१९ ला तो बुडाला तेव्हाही हजारोंनी लोक बघायला होते. त्या दिवशी होळकर पुलाखाली दोर टाकता येणारे मात्र पोहणारे कोळी आणि जीवरक्षक एवढेच. 'आपदा मित्र' म्हणून केंद्राची योजना आहे, त्यात बारा दिवसांत शोध-बचाव आणि प्रथमोपचार शिकवतात. बारा दिवस! हे प्रत्येक बारावी झालेल्या मुला-मुलीला मिळालं पाहिजे आणि याची सक्ती करायलाही माझी हरकत नाही, कारण यात कुणालाही कुणावर बंदूक रोखायची नाही आणि घाबरून मागे सरणाऱ्यालाही करण्यासारखं काम उरतं. मार्क द्या, सर्टिफिकेट द्या, प्रवेशाच्या वेळी त्याला वजन द्या. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. साधुग्रामच्या जागेवर, रस्त्यांवर, घाटांवर एवढा खर्च होतो आहे. शहरातल्या कॉलेजांतून पाच-दहा हजार मुलं तयार करून चौकाचौकांत उभी करणं त्यामानानं काहीच नाही. मी आमच्या कॉलेजात हा विषय लावून धरला आहे आणि धरणार आहे.

भाच्याला याबद्दल सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली. तो उत्तम पोहतो हे घरातल्या कुणाला महत्त्वाचं वाटलं नव्हतं. कादवेला पूर आला तेव्हा शेजारच्या वस्तीवरची दोन शेळ्या आणि एक म्हातारी त्यानं ट्रॅक्टरच्या ट्यूबवरून अलीकडे आणली होती. दाजींना ते ठाऊक होतं. त्याला ते कधी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच. नाव कुठे नोंदवायचं ते मी जिल्हाधिकारी कार्यालयातून विचारून घेते आहे. बाग तर तो बघतोच आहे. छाटणीच्या वेळी तोच लागतो, हे परवा दाजीही कबूल झाले.

भाचीचं अजून भांडण आहे. काका तिच्या बाजूनं उभे राहिले म्हणून दाजी जरा नरमले आहेत, ताई नाही. शेवटी असं ठरलंय की सप्टेंबरची लेखी परीक्षा तिनं द्यायची, आणि तोवर लग्नाचा विषय घरात कुणी काढायचा नाही. जूनपासून ती माझ्याकडे नाशिकरोडला राहायला येते आहे. पळण्याचं ती बघेल. तिची त्रिकोणमिती कच्ची आहे, ती मी रोज संध्याकाळी घेणार आहे.